ओढ्याचं वेळापत्रक

कॉलेजात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा केलीच पाहिजे, अशी शिफारस चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली होती. समिती 1959 सालची. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे माजी अर्थमंत्री. हिशेब न करता बोलणारा माणूस नव्हे. तरी शिफारस खर्चापायी आणि अंमलबजावणीच्या अडचणींपायी मागे पडली. पुढे के. जी. सैयदैन यांनी देशोदेशींच्या युवकसेवेचा अभ्यास करून सांगितलं, सक्ती नको, ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडा. कोठारी आयोगानेही शिक्षणाला सेवेची जोड मागितली. आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतल्या सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. महाराष्ट्रात कॉलेज शिकलेल्या किती घरांत 'आमचं एनएसएसचं शिबिर' या शब्दांनी सुरू होणारी आठवण निघते!

एवढं सगळं ठरून गेलं, तरी मुळातला वाद काही मिटलेला नाही. शिकायच्या वयात पोरांनी शिकावं, की लोकांत जावं? परिसंवादात हा प्रश्न निघाला की दोन्ही बाजूंचे वक्ते एकमेकांना मान देत देत बोलतात आणि 'समतोल हवा' म्हणून उठतात. घरात निघाला की तो खरा होतो, कारण तिथे कुणाचं तरी वर्ष पणाला लागलेलं असतं. म्हणून मी तो एका मामा-भाचीच्या तोंडी देतो आहे. ही दोघं माझ्या मनातली आहेत. ती ज्या संस्थांबद्दल आणि कार्यकर्त्यांबद्दल बोलतात ती मात्र खरी आहेत, आणि दोघांची तळमळ माझीच आहे.

मामा साताऱ्याचे. रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात वाढले, हायस्कुलात गणित शिकवत निवृत्त झाले. भाची सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला आली आहे आणि भाऊबीज झाली की लगेच निघते म्हणते, कारण तिला वाटून दिलेल्या घरांची महिन्याची भेट राहिली आहे.

मामा : पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी. तीन डोंगर एका वर्षात चढायचे आहेत, हे तूच सांगितलंस. मग गावाची भेट एक महिना चुकली तर काय बिघडतं?

भाची : मामा, माझ्याकडे चार घरं आहेत. पहिल्या वर्षी आमची सगळी बॅच एका गावात पंधरा दिवस राहिली. घरोघर पाहणी केली, तपासण्या केल्या, आणि प्रत्येकाला काही घरं वाटून दिली. तेव्हापासून दर महिन्याला जायचं. ती माणसं वाट बघतात.

मामा : वाट बघतात, कारण सवय लागली. मला सांग, तू त्यांना देतेस काय? तू अजून डॉक्टर नाहीस. औषध लिहून द्यायचा तुला अधिकार नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला अजून येत नाही त्याने लोकांच्या अंगावर शिकू नये. विद्यार्थ्याची सेवा म्हणजे नीट केलेला अभ्यास. मी चाळीस मुलांच्या वर्गात त्रैराशिक कच्चं ठेवून गावची गटारं काढली असती, तर तो त्या चाळीस जणांशी दगा झाला असता.

भाची : गटारं काढणं वाईट आहे का? गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे.

मामा : बाबा झाडायचे, कारण त्यांना झाडता यायचं आणि गावाला ते दुसऱ्या दिवशीही करायला लावायचे. फोटोसाठी हातात घेतलेला खराटा वेगळा. थांब, तुला एक सांगतो. आमच्या गावाशेजारी एका कॉलेजचं शिबिर आलं होतं. जानेवारीत. पोरं चांगली होती, मनापासून राबली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरल्या, ओढ्यात रचल्या, वनराई बंधारा बांधला. वनराई बंधारा कधी बांधायचा असतो? पाऊस सरता सरता, ओढ्याला धार असते तेव्हा. ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरात. तेव्हा पाणी अडतं, विहिरींना पाझर लागतो, गहू-हरभऱ्याला एखादं पाणी जास्त मिळतं. जानेवारीत तो ओढा कोरडा ठक्क होता. पोरांनी कोरड्या ओढ्यात भिंत घातली आणि पुढच्या पावसाने ती वाहून नेली. ऑक्टोबरात का आला नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणाले, तेव्हा सत्र परीक्षा असते.

भाची : म्हणजे विद्यापीठाच्या वेळापत्रकाने पाणी अडवायला गेले.

मामा : बरोबर. ओढ्याचं वेळापत्रक कुणी विचारलंच नाही. आणि गावातल्या एकाही माणसाने त्यांना सांगितलं नाही. का सांगावं? पोरं सात दिवस आली आहेत, हौसेने काम करतात, संध्याकाळी गाणी म्हणतात. पाहुण्याला कुणी चुकलास म्हणत नाही.

हे मामांचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. बंधारा फसला याचं कारण मुलांचं अज्ञान एवढंच नाही. गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते कारण ठाऊक होतं. पाहुणा आणि यजमान या नात्यात ते बोललं गेलं नाही. सेवेच्या कार्यक्रमांत पाहुणचाराचा हा पडदा जागोजागी आडवा येतो आणि तो आदरातून विणलेला असल्यामुळे लवकर दिसतही नाही. कृषी महाविद्यालयांची मुलंमुली शेवटच्या वर्षी गावात राहायला जातात. 'कृषिदूत', 'कृषिकन्या' म्हणून वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रं येतात. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा याचं प्रात्यक्षिक. शेतकरी टोपी सारखी करून ओळीत उभे असतात. कार्यक्रम चांगलाच आहे. ज्या गावात तो मनापासून होतो तिथे मुलंच जास्त शिकून येतात, हेही खरं. पण त्या ओळीतल्या एखाद्या शेतकऱ्याने पुढच्या हंगामात फोन करून 'तुम्ही सांगितलं तसं केलं, उगवण कमीच झाली, या बघायला' असं म्हणायची सोय असते का? मी ज्याला त्याला हे विचारतो.

भाचीकडे मात्र या प्रश्नाचं उत्तर आहे, असं दिसतं.

भाची : मामा, तुम्ही म्हणता ते सात दिवसांच्या शिबिराला लागू पडतं. पण मी परत जाते. हा फरक लहान नाही. माझ्या चार घरांपैकी एका घरात सोळा वर्षांची मुलगी आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा फिकी पडलेली, जिना चढली तरी धाप. मी वहीत लिहिलं, ॲनिमिया, लोहाच्या गोळ्या हव्यात. चहा गोळीसोबत घेऊ नका, लिंबू-आवळा खा, असं सगळं सांगून आले. आमचे सर सोबत होते. त्यांनी तिला दोनच प्रश्न विचारले. थंडीत हातपाय दुखतात का? डोळे कधी पिवळे होतात का? ती दोन्हीला हो म्हणाली.

मामा : मग?

भाची : विदर्भात सिकलसेल आहे, मामा. पुस्तकात मी ते वाचलं होतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, हे मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. पण त्या ओसरीवर बसलेली पोरगी आणि ते सहावं स्थान, यांचा संबंध माझ्या डोक्यात जुळलाच नव्हता.

मामा : हेच तर मी म्हणतोय! तुझे सर नसते तर तू तिला लोहाच्या गोळ्या देऊन मोकळी झाली असतीस. अर्धवट ज्ञान असंच असतं.

भाची : सर होते, म्हणून तर मला जाऊ दिलं. एकटीला कुणी पाठवत नाही. पण पुढचं ऐका. चाचणीला यायला घरचे तयार नव्हते. आईला भीती, की गावात कळलं तर मुलीचं लग्न अडेल. मी दुसऱ्या महिन्यात गेले, तेव्हाही नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी मी त्या विषयावर बोललेच नाही, तिच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलत बसले. चौथ्या वेळी ती स्वतः म्हणाली, चला. आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. निदान झालं. भावाची तपासणी झाली, तो वाहक निघाला. आता तिला फोलिक ॲसिड चालू आहे. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग जपायचं, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, हे तिला पाठ आहे. चौथ्या वेळी जे झालं ते पहिल्या वेळी मी कितीही हुशार असते तरी झालं नसतं.

मामा : हं. आणि पॅथॉलॉजी?

भाची : रक्ताच्या आजारांचं प्रकरण मी दोन पुस्तकांतून वाचलं. परीक्षेसाठी एकाच पुस्तकातून वाचलं असतं.

मामा इथे गप्प बसतील असं वाटत असेल, तर तुम्ही गणिताचे मास्तर पाहिलेले नाहीत.

मामा : मला पटतंय, पण पूर्ण नाही. डॉक्टर अभय बंगांचं उदाहरण घे. त्यांनी आधी एमडी केलं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. आणि त्यानंतर ते आणि डॉक्टर राणी बंग गडचिरोलीला गेले, 'सर्च' ही संस्था सुरू केली, 1986 साली. पोतडी भरून घेऊन गेले, म्हणून काही करू शकले. आणखी एक. त्याच्याही आधी वर्धा जिल्ह्यात असताना त्यांनी एक काम केलं होतं, ते मी माझ्या वर्गात दर वर्षी सांगायचो. पागे समितीने मजुराची किमान मजुरी दिवसाला चार रुपये धरली होती. बंगांनी तो हिशेब उलगडून पाहिला. दिवसभर राबणाऱ्या माणसाला किती अन्न लागतं, त्याच्या कुटुंबाला किती, बाकीच्या गरजांना किती. मांडणी करत गेले तर आकडा बारा रुपये निघाला. मग त्यावरून चळवळ झाली, मजुरी वाढली. त्यांनी फावडं मारलं नाही, टोपली उचलली नाही. बेरीज तपासली. लाखो मजुरांच्या ताटात फरक पडला. याला म्हणतात शिकलेल्या माणसाची सेवा!

भाची : मामा, ती बेरीज तपासावी असं त्यांना का वाटलं? समितीचा अहवाल पुष्कळांनी वाचला असेल. गणित येणारे तर शेकड्याने होते. ते खेड्यात मजुरांच्या मध्ये काम करत होते, म्हणून त्यांना चार रुपयांत घर चालत नाही हे दिसलं. प्रश्न तिथून आला, उत्तर गणितातून आलं.

मामा : हे मान्य.

भाची : आणि गडचिरोलीचं पुढचंही सांगा ना. नवजात बाळं घरात दगावत होती. दवाखाने लांब. तेव्हा 'सर्च'ने गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं, आरोग्यदूत म्हणून. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजायला शिकवलं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं, औषध द्यायला शिकवलं. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. पुढे देशभरच्या आशाताईंना घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचं काम दिलं गेलं, त्याचं मूळ तिथे आहे. तुमच्या नियमाप्रमाणे त्या बायकांनी थांबायला हवं होतं. त्यांना 'अजून येत नव्हतं'.

मामा : त्यांना शिकवलं होतं. आणि कसं! ज्यांना मोठा आकडा मोजता येत नव्हता अशा सुईणींसाठी मण्यांचं साधन केलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शिकवणारा असा असला तर मी कशाला अडवू? माझा विरोध न मोजता केलेल्या कामाला आहे. मनापासून केलं, यावर मी कधी कुणाला पास केलं नाही.

भाची : मग आपलं भांडण कशावर आहे?

मामा : अजून आहे. तुला एक गोष्ट कळत नाही, कारण तू बोर्डिंगात राहिली नाहीस. आम्ही सकाळी अभ्यास, मग शेतात काम, कधी बांधकामावर. कमवा आणि शिका. दाणे पेरले, दगड वाहिले, स्वयंपाकाला लाकडं फोडली. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. पण आम्हाला कधी कुणी 'समाजसेवा करता' असं म्हटलं नाही. आम्हीच तो समाज होतो. अण्णांनी, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांनी, 1919 साली संस्था काढली, 1924 साली साताऱ्याला बोर्डिंग आणलं, ते गावच्या पोरांनी गावावर उपकार करावेत म्हणून नव्हे. पोरांनी आपल्या पायांवर उभं राहून शिकावं म्हणून. आजकाल शहरातली मुलं गावात येतात आणि गाव बघतात, ते मला सोसत नाही. सेवेत एक वरचा असतो आणि एक खालचा. आम्ही खालच्या बाजूला राहिलोय, म्हणून सांगतो.

भाची : मामा, बोर्डिंगातलं जेवण कुठून यायचं?

मामा : शेतातून. आणि... अण्णांच्या वेळी तर मुष्टिफंड होता.

भाची : म्हणजे?

मामा : घराघरात बायका दळण काढताना मूठभर धान्य बाजूला ठेवायच्या, बोर्डिंगातल्या पोरांसाठी. ते गोळा करून आणायचं. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मुलांसाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं.

भाची : म्हणजे तुमच्याआधीच्या मुलांच्या अंगात गावातल्या हजार घरांची मूठमूठ होती. ते नुसते स्वावलंबी नव्हते, मामा. देणेकरी होते.

मामा : ...हो. तसं म्हण.

भाची : सेवाग्रामला याच्या उलट्या बाजूची गोष्ट आहे. आजूबाजूच्या गावांसाठी आमच्या कस्तुरबा रुग्णालयाने आरोग्य विमा सुरू केला, तेव्हा पैसे मागितले नाहीत, ज्वारी मागितली. सुगी झाली की ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची जास्त. गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच योजना लागू. फुकट उपचार देणं सोपं पडलं असतं. पण ज्वारी दिलेला माणूस दवाखान्यात हक्काने येतो. चुकलं तर चुकलं म्हणतो. तुमच्या ओढ्यातल्या शिबिराला गावाने काही दिलं नव्हतं, म्हणून गाव बोललं नाही.

इथे मला मध्ये यायलाच हवं, कारण माझ्या मते सगळ्या वादाचा कणा या दोन धान्यांत आहे. साताऱ्यात लोकांनी मुलांना धान्य दिलं, म्हणून मुलं लोकांना बांधली गेली. सेवाग्रामात लोकांनी रुग्णालयाला धान्य दिलं, म्हणून रुग्णालय लोकांना बांधलं गेलं. डॉक्टर सुशीला नायर यांनी 1969 साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय काढलं. त्या गांधीजींच्या डॉक्टर होत्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री. नव्या मुलांनी आधी पंधरा दिवस आश्रमात राहायचं, मग दर बॅचने एक गाव घ्यायचं, ही तिथली रीत. शिकणं आणि सेवा ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांत तास वाटून द्यायचे आहेत, असं आपण धरून चालतो. तिथेच गाडी रुळावरून घसरते. खरा प्रश्न तासांचा नाही. कोण कुणाला जाब विचारू शकतो, हा आहे. ज्या विद्यार्थ्याला गाव जाब विचारू शकतं त्याचा अभ्यास आपोआप खोल जातो. भाचीने दुसरं पुस्तक उघडलं ते परीक्षकाच्या धाकाने नाही.

म्हणूनच सरकारी महाविद्यालयांतून डॉक्टर झालेल्यांच्या बाँडबद्दल मला कायम अस्वस्थ वाटतं. एक वर्ष सरकारी सेवा करा, नाहीतर दहा लाख रुपये भरा, असा महाराष्ट्रात बरीच वर्षं नियम होता. लोकांच्या पैशावर शिकलेल्या डॉक्टरकडून एक वर्ष मागण्यात काहीच गैर नाही. पण रक्कम भरली की देणं फिटलं, हा हिशेब मला पटत नाही. ज्याच्या बापाकडे दहा लाख असत तो सुटे आणि ज्याच्याकडे नसत तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जाई. मग सेवा ही गरीब घरच्या मुलाला बसलेला दंड होते, आणि गावाला मिळतो तो मनाने कधीच तिथे नसलेला डॉक्टर.

मामांना सेवेला गुण आणि क्रेडिट देणं हे वेड वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत सामुदायिक सहभागाला क्रेडिट्स मिळू लागली. वैद्यकीय शिक्षणातही आता देशभर प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं घ्यायची आहेत. सेवाग्रामने जे पन्नास वर्षं केलं ते सगळ्यांसाठी नियम झालं.

मामा : गुण लावले की पोरं गुणांसाठी करतात. वहीत खोट्या भेटी लिहितात. मी परीक्षक होतो, मला सांगू नकोस.

भाची : पोरं गुणांसाठी गणितंही नकलायची, म्हणून तुम्ही गणिताला गुण द्यायचं थांबवलंत का?

मामा : नाही. पण गणितात उत्तर ताडून बघता येतं. तुझ्या वहीतली भेट कोण ताडणार?

भाची : ज्यांच्या घरी गेले ते.

मामा : विचारतं का कुणी त्यांना?

भाची : ते स्वतःहून विचारतात, मामा. परीक्षेमुळे मी एक महिना गेले नव्हते. पुढच्या वेळी गेले तर एका घरातल्या काकू म्हणाल्या, "तुमच्या परीक्षेपायी माह्या पोराचा ताप थांबते काय जी?"

मामा : (हसून) मग तू काय म्हणालीस?

भाची : काय म्हणणार? ताप कधी आला, किती दिवस होता, कुठे दाखवलं, ते लिहून घेतलं.

मामा : ही बाई मला आवडली. ओढ्याकाठी अशी एक बाई हवी होती.

भाची : ओढ्याकाठीही असणार. तिला बोलायला जागा नव्हती.

याच भरात भाची मुक्ता साळवेचं नाव काढते, आणि मामांच्या 'वरचा-खालचा' या तक्रारीला मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर तेच आहे. 1855 साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय साधारण चौदा. तिने कुठलं शिबिर केलं नाही, कुणाची सेवा केली नाही. शाळेत शिकलेली अक्षरं घेऊन ती आपल्याच माणसांकडे वळली आणि त्यांच्या वाट्याला आलेला अन्याय धर्माला, पेशवाईला, सगळ्यांना जाब विचारत मांडला. तिथल्या शिक्षिका सावित्रीबाई फुले, त्या पुढे 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या. या शाळेत धडा कुठे संपत होता आणि लोक कुठे सुरू होत होते, ते मला सांगता येणार नाही. आपल्या कॉलेजात येणाऱ्या कितीतरी मुलांचं गाव, वस्ती, पाडा हाच तो 'समुदाय' आहे, ज्यात त्यांना सात दिवस पाठवायची योजना आपण आखतो. त्यांना बाहेरून गावात नेण्यापेक्षा त्यांच्या गावचा प्रश्न वर्गात आणायला आपण का बिचकतो? आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्राचे विद्यार्थी गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजना का बंद पडतात याचा अभ्यास करतात आणि तो त्यांच्या पदवीचा भाग असतो. पाइप, दाब, वीजबिल, पाणीपट्टी, सगळं त्यात येतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या वर्गाला हे जमणार नाही असं काही नाही.

मामा : बरं, एक विचारतो. तुझ्या गटातल्या मुलींकडे मिळून किती घरं आहेत?

भाची : आठ जणी. तीसेक घरं होतील.

मामा : प्रत्येकीकडे हिमोग्लोबिनचे आकडे आहेत?

भाची : आहेत. पहिल्या पाहणीचे आणि नंतरचे.

मामा : एकत्र मांडलेत? बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, वयाप्रमाणे? किती जणांचं वाढलं, किती जणांचं तसंच राहिलं, किती जणी मध्येच गोळ्या सोडून बसल्या आणि का?

भाची : माझ्या चार घरांचं केलंय. बाकीच्या वह्या एकत्र करायच्या आहेत.

मामा : मग कर. वह्या माझ्याकडे पाठव, तक्ता मी घालून देतो. सरासरीने फसू नको, एखादा आकडा फार खाली असला तर तो कुणाचा हे बघ. आणि झालं की गावाला दाखव. परीक्षकाला नंतर. 26 जानेवारीला ग्रामसभा असते, तिथे वाच.

भाची : ग्रामसभेत वैद्यकीय आकडे? नावं कळली तर?

मामा : नावं काढून टाक. त्या पोरीचा आजारही त्यात येता कामा नये, तीस घरांच्या गटात एक सिकलसेल म्हटलं तरी गाव ओळखेल. हे तुझं तू सरांशी बोलून ठरव, मला त्यातलं कळत नाही. पण बाकीचं सांग. गोळ्या का सोडल्या ते त्या बायकाच उभ्या राहून सांगतील, तुला दोन प्रकरणं जास्त वाचावी लागतील.

भाची : 26 जानेवारीला आम्हाला कॉलेजात झेंडावंदनाला राहावं लागतं.

मामा : झेंडा गावच्या शाळेतही असतो. सरांना विचारून बघ. आणि भाऊबीजेनंतर निघायचंच असेल तर आजच तिकीट काढ, दिवाळीच्या गर्दीत वर्ध्याची गाडी मिळत नाही.